कबर्डातला सहावा कप

ये गं सई, अशी जवळ बस, असं म्हणायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. तू मांजरीला, मी धायरीला, मध्ये सगळं पुणं आडवं पडलंय. तेव्हा लिहिते आणि आधी रागावून घेते. परवा फोनवर मी म्हटलं, माझी शाल तुझ्या कबर्डात राहिली, तर तू हसलीस. "आजी, वॉर्डरोब म्हण गं!" बरं, म्हटलं, पण हा कबर्ड शब्द आला कुठून ते तरी ठाऊक आहे का? तर बोलता बोलता तू त्या फोनलाच विचारलंस आणि लगेच सांगून टाकलंस, कप अधिक बोर्ड, म्हणजे कप ठेवायची फळी. वर म्हणालीस, "सो क्यूट!" अगं क्यूट काय? त्या क्यूट शब्दापायी माझी शाळा सुटली होती. तुला एका चुटकीत मिळालं, ते मला कसं मिळालं ते ऐक. आणि मध्येच मेसेज बघायचा नाही.

तेव्हाची धायरी म्हणजे गाव. आता माझ्या खिडकीतून जे टॉवर दिसतात, त्यांच्या खाली आमची ज्वारी आहे. पहाटे मला जाग यायची ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. आधी रिकाम्या चरवीत ठणठण, मग फेस चढला की तोच आवाज मऊ व्हायचा. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची. गरम भाकरी कुस्करून तिच्यावर निरसं दूध ओतायचं, कडेला लसणीची चटणी, आणि ते भुरकून मी दादांच्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर बसायची. दादा म्हणजे माझे वडील. मागं दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पुढं मी आणि माझं दप्तर. कॅनची झाकणं सबंध रस्ताभर वाजायची. दादांचा पेठेत रतीब होता. गावात शाळा सातवीपर्यंत, आणि मला पुढं शिकायचं होतं. मुलींच्या शाळेच्या बाईंनी मला बघून नाक मुरडलं, गावच्या शाळेतली, हिला इंग्रजी काय येणार! तेव्हा दादांचं एक गिऱ्हाईक पुढं झालं. "इंग्रजीची हमी माझी," असं बाईंना सांगून आलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आप्पासाहेब. म्हणून रोज सकाळी शाळेच्या आधी मी त्यांच्याकडे शिकायला जायची. दादांनी मला सायकलीवरच अट घातली होती. "सायेब व्हय म्हनतील तवर शीक. ज्या दिशी सायेब पुरं म्हनतील, त्या दिशी शेणाची पाटी. मी पुन्यांदा कुनाच्या पाया पडनार न्हाय."

आता आप्पासाहेब. खरं सांगायचं तर त्यांना विद्यार्थी नकोच होता, श्रोता हवा होता. ते पेन्शनीत निघाले होते आणि जगातले सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरलेले आहेत, हे सिद्ध करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. इंग्रजांनी राज्य घेतलं, कोहिनूर घेतला, त्याचं त्यांना विशेष नव्हतं. शब्द घेतले याचा राग होता. सुरुवात त्यांनी चांगली केली होती. डोअर म्हणजे द्वार, नोज म्हणजे नासिका, डॉटर म्हणजे दुहिता. ही नाती खरी आहेत असं पुढं मी बुधवार पेठेत जुनी पुस्तकं चाळताना वाचलं. पण माणसाचे दोन फासे बरोबर पडले की तो तिसरा डोळे मिटून टाकतो. मग अंब्रेला म्हणजे अंबर-लय. आकाश लय पावतं ती. टीपॉट म्हणजे तापपात्र. ब्रेकफास्ट म्हणजे म्हणे वृकोदर-पुष्टी, भीमासारखं खाणं. मी मान हलवायची. मान हलवली की ते खूश, आणि ते खूश की माझी शाळा चालू. अभ्यास असा चालायचा. तरी शिकवताना स्पेलिंगमध्ये मात्र हयगय चालू द्यायचे नाहीत, आणि माझं इंग्रजी जे काही आहे ते त्यांचंच आहे. अन्न खाऊन नाव ठेवणारी मी नाही. नाव ठेवते ती अन्नाला नाही.

त्यांची जागा एका चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर, पुढं सामाईक गॅलरी. घरात उदबत्तीचा आणि जुन्या पुस्तकांचा वास, आणि कायम काहीतरी मोजकं शिजल्याचा. माई म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नी. त्या पोह्यांतले शेंगदाणे माणशी वाटून द्यायच्या असं मी म्हणणार नाही, पण मला तसा दाट संशय आहे. बाई काटकसरी, कमी बोलणारी, आणि बोलली की सुपारी कातरल्यासारखी. त्यांच्याकडे माहेरच्या लग्नातला कपबश्यांचा सेट होता, पांढरा, निळ्या काठाचा, आतून असा गुळगुळीत की चहासुद्धा श्रीमंत दिसावा. सहा कप. पाच आत मांडणीवर आणि एक बाहेर, गॅलरीत, खिडकीखालच्या लाकडी फळीवर उपडा. तो माझ्या दादांचा.

आधी बाहेर एक कान तुटलेला कप असायचा. तो फुटला. नवा आणायचा तर पैसे पडतात, म्हणून माईंनी सेटमधलाच एक तात्पुरता बाहेर ठेवला. पुण्यात तात्पुरती ठेवलेली वस्तू कशी जन्मभर तिथंच राहते ते तुला सांगायला नको, तुमच्या सोसायटीतला तात्पुरता पत्रा बघ. दूध मापून झालं की माई आतून किटली घेऊन यायच्या, दादा तो कप सुलटा करून पुढं धरायचे, त्या वरून ओतायच्या. धार उंचावरून, शिंतोडा परत उडू नये अशी. दादा गॅलरीत उकिडवे बसून चहा प्यायचे, गॅलरीतल्याच नळावर कप विसळायचे आणि फळीवर पुन्हा उपडा घालायचे. मला चहा नसेच. "वाढत्या वयाच्या मुलींनी चहा घेऊ नये," असं माई म्हणायच्या, आणि किती काळजी करतात आपली, असं मी कितीतरी महिने समजत होते. त्यांची पुतणी आली, माझ्याच वयाची, तिला दोनदा चहा मिळाला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दादांना विचारलं. दादा सायकल हाणत म्हणाले, "तुला चा प्यायला धाडलंय का शिकायला?"

आता कबर्ड. आप्पासाहेबांनी काचेच्या दारांचं एक नवं कपाट करून घेतलं आणि त्याच मुहूर्तावर त्यांना शोध लागला की कबर्ड हा शब्द म्हणजे आपलं कपाटच, साहेबाच्या जिभेवर बिघडलेलं. झालं! एका रविवारी दुपारी निबंधवाचन ठरलं. त्यांचं एक मंडळ होतं, एकमेकांचे निबंध ऐकून घ्यायचं. ऐकून घेतलं की आपला ऐकवता येतो. मंडळातले मुख्य नाना, आप्पासाहेबांचे परममित्र. पुण्यात परममित्र म्हणजे जो दर आठवड्याला घरी येऊन अपमान करतो आणि चहा पिऊन जातो तो. त्या रविवारी मला मदतीला बोलावलं होतं. दादा मला सोडून पुढं गेले, संध्याकाळचं दूध घेऊन परत यायचे होते. माई आत बटाट्याच्या काचऱ्या परतत होत्या, खोबरं-कोथिंबीर घालून. आप्पासाहेब धोतराचा सोगा सावरत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "हे बघ, घरातले कप धुऊन पुसून या कपाटात मांड. दर्शनी भागात. एकूण एक. मंडळींना दिसलं पाहिजे."

एकूण एक म्हणाले. मी आतले पाच मांडले आणि बघितलं, तर वरच्या फळीवर एकाची जागा बोडकी दिसत होती. मी गॅलरीत गेले, सहावा उचलला, राखेनं घासला, धुतला, पुसला आणि ठेवून दिला. ठेवून दिल्यावर मागं सरकून पुन्हा बघितलं, तर त्यातला दादांचा कुठला ते माझं मलाच ओळखेना. वर्षभर मला वाटत होतं की त्या कपात काहीतरी आहे. कपात काही नव्हतंच. जे होतं ते फळीत होतं.

मंडळी जमली. आप्पासाहेब धरून सहाजण. निबंध सुरू झाला. कपाटापासून कबर्डापर्यंत यायला आप्पासाहेबांना इराण, ग्रीस आणि दोन समुद्र ओलांडावे लागले. वाटेत एकाला डुलकी लागली. शेवटी नाना उठले, त्याच नव्या कपाटाच्या खालच्या खणातून आप्पासाहेबांचाच जाडा इंग्रजी कोश काढला, चष्मा पुसला आणि पान उघडलं.

"आप्पासाहेब, आपण परदेशात बरेच हिंडून आलात. घरात डोकावला असतात तर बरं झालं असतं. इथं लिहिलंय, कप आणि बोर्ड. जुन्या काळी साहेबाकडे एक उघडी फळी असायची. तिच्यावर कप, पेले, चांदीच्या सुरया मांडून ठेवायच्या, आल्यागेल्याला आपली ऐपत दिसावी म्हणून. दारं मागाहून लागली. मग कप गेले, कपडे आले. फळी तेवढी नावात राहिली."

"कोश लिहिणारा इंग्रज," आप्पासाहेब म्हणाले. "चोर कधी चोरी लिहून ठेवेल काय?"

"तसं असेल तर कोश विकत कशाला घेतलात? पंचांग होतंच की घरात!"

माईंनी अशा वेळी नेहमीसारखा चहा आणला. निबंधवाल्यांचं भांडण चहानं थांबतं हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. नव्या कपाटातले सहा कप निघाले, भरले, हातोहात गेले, गडबडीत मोजले कुणीच नाहीत. बशीत चहा ओतून फुर्र फुर्र सुरू झालं. आणि गॅलरीत कॅनचं झाकण वाजलं. दादा आले होते. माईंनी दूध घेतलं, किटली घेऊन बाहेर गेल्या, आणि त्यांचा आवाज आला.

"अगं, इथला कप कुठं गेला?"

मी दारातच उभी होते. "कबर्डात मांडला. आप्पासाहेब म्हणाले, एकूण एक."

फुर्र थांबलं. तू कधी सहा विद्वान सहा बश्या तोंडाशी धरून थांबलेले बघितले आहेस का? मी बघितले आहेत. मग जो तो आपापला कप फिरवून फिरवून बघायला लागला. एक म्हणाले, "माझ्या कपाचा काठ अगदी नवा आहे हो." दुसरे म्हणाले, "बाहेर राहिलेला कप जरा पिवळट पडतो, माझा पांढरा शुभ्र आहे." तिसऱ्यांनी बशी हळूच खाली ठेवली, "मी एरवीही अर्धाच घेतो," म्हणाले, मघाशी त्यांनीच साखर जास्त मागितली होती. नाना तेवढे बोलले, "आप्पासाहेब, आता लावा व्युत्पत्ती. मूळ फळी कुठली ते यांतल्या कुठल्या कपावरून कळतंय बघा." पण सांगते, टोमणा मारून नानांनीही आपला कप पुन्हा उचलला नाही.

मला वाटलं, आता दादा काहीतरी बोलतील. माझे दादा गावच्या पंचायतीत उभे राहिले की सरपंच गप्प बसायचे. दादा उंबऱ्यापाशी आले आणि त्यांनी हात जोडले.

"पोरीचं चुकलं, सायेब. गावंढळ हाय. समज न्हाय तिला."

आप्पासाहेब रागानं बोललेच नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. कागद नीट जुळवत म्हणाले, "तुमचं काही नाही हो. पण उद्यापासून हिला आणू नका."

सायकलीवर परत येताना रिकामे कॅन दुप्पट वाजत होते. मला रडूही येत नव्हतं, मला त्या जोडलेल्या हातांचा राग आला होता. घरी आले तर गोठ्यात लखूबाबा बसलेले. गुरांची दावी वळून आणायचे ते, म्हातारे, बोटं वाखानं चिरलेली. आमचा गोठा, त्याच्या भिंतीत एक खुंटी, आणि खुंटीला कान अडकवलेला एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, कप. लखूबाबांचा. जन्मापासून तो तिथं होता आणि मला कधी दिसला नव्हता. आई वरून चहा ओतत होती. उंचावरून. माईंसारखीच, अगदी तेवढ्याच उंचीवरून. लखूबाबांचा चहा पिऊन झाला तसा मी तो कप घेतला आणि थेट घरात नेऊन आमच्या भांड्यांच्या फळीवर ठेवला. आईनं मला अशी लगावली की कानात कॅनची झाकणं वाजली. "हेच शिकिवत्यात का गं तिथं? शिकून बाटून आलीस!" आप्पासाहेबांच्या घरात माझ्यावर कुणी हात उचलला नव्हता, हे इथं लिहायलाच हवं. मी दादांकडे बघितलं. दादा उठले, तो कप उचलला, बाहेर नेला आणि खुंटीला अडकवला. माझ्याकडे बघितलं नाही. लखूबाबाच हळूच म्हणाले, "आक्का, माझ्यापायी नगं मार खाऊस. चा कडू लागतो मग."

दुसऱ्या दिवशी दादा एकटेच गेले आणि माझ्या डोक्यावर शेणाची पाटी आली. तिसऱ्या दिवशीही. दप्तर आईनं कणगीवर ठेवून दिलं होतं. शाळेत इंग्रजीची हमी घेणारं कुणी नाही म्हटल्यावर शाळाही संपली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी ऊन वर आल्यावर दादा परत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि तिथंच उभे राहिले. चेहरा असा की कुणी चिमटा काढलाय की गुदगुल्या केल्यात ते त्यांनाच कळत नसावं.

"माई म्हनल्या, पोरीला उद्या घेऊन या."

"आन् सायेब?" आईनं विचारलं.

मग दादांनी सांगितलं. आप्पासाहेब सहाही कप बाहेर काढा म्हणत होते, सगळेच संशयित म्हणून. माई म्हणाल्या, "एक कप बाहेर ठेवणं परवडतं. सहा परवडत नाहीत. माझ्या माहेरचा सेट आहे. चांगले उकळून घेतलेत, आणि आता कोण कुठला ते मीसुद्धा शोधणार नाही." आणि शिकवणीचं म्हणाल तर त्या म्हणाल्या, "ती मुलगी येणार. ती आली नाही तर तुमचे निबंध कोण ऐकणार? मी?" म्हणे हा प्रश्न ऐकून आप्पासाहेबांनी निबंधाचे कागद पुन्हा जुळवायला घेतले.

पुण्यात समाजसुधारणा झाली ती अशी, बाई गं. मोठमोठी भाषणं ऐकून कुणाची फळी हलली असेल तर असो, आमच्या ओळखीतली एक फळी कपबशीच्या किमतीमुळं हलली. माई काही एका रात्रीत बदलल्या नाहीत. दादा पुढंही गॅलरीतच बसले. फक्त चहा आतल्या कपातून यायचा आणि पिऊन झाल्यावर कप माई स्वतः आत न्यायच्या. आणि एके दिवशी माझ्या पुढ्यातही एक कप आदळला. "पी," म्हणाल्या, "वाढायची तेवढी वाढलीस." तो चहा मी भाजत भाजत प्यायले.

मॅट्रिकच्या आत माझं लग्न झालं, पुढचं मी रद्दीतून आणि जुन्या पुस्तकांतून शिकले, ते तुला ठाऊक आहे. पण लखूबाबांचा कप? तो आत आला का, हे तू विचारायला हवं होतंस. नाही आला. मी दादांना विचारलं, "माईंनी तुमचा आत नेला, मग आपण?" दादा म्हणाले, "त्यांचं येगळं, आपलं येगळं." शहाणा, मायाळू, मानी माणूस, आणि हे उत्तर. लखूबाबा गेले तेव्हाही तो खुंटीलाच होता. माझ्या घरात असली खुंटी राहिली नाही, ती माझं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं तेव्हापासून, आणि त्यासाठी मला सासूशी वर्षभर अबोला धरावा लागला. म्हणून मला कुणी सांगितलं की हे आपोआप जातं, शिकलं की जातं, तर मी हसते. आपोआप फक्त धूळ जाते, आणि तीही शेजाऱ्याच्या घरात.

आता तुला हे सगळं का सांगितलं? गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे चार दिवस राहिले. फ्लॅट छान आहे, वाऱ्याला उसाचा गोड वास येतो. तुझ्याकडे कामाला येतात त्या वर्षाताई, अकोल्याकडच्या, त्यांच्या हाताला फार छान चव आहे, आपल्या पोळ्या त्याच लाटतात, भाजी त्याच फोडणीला टाकतात. त्यांना चहा देताना तू ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवरचा स्टीलचा मग घेतलास. मी विचारलं तर म्हणालीस, "अगं आजी, तसं काही नाही, हायजीन असतं." सई, माईंनी निदान ते इंग्रजीत सांगितलं नव्हतं.

राग आला ना? येऊ दे. मला त्या वयात आला होता, चांगला टिकला. भांडायचं असेल तर फोनवर नको, इकडे ये. या रविवारीच ये, मी काचऱ्या करते, खोबरं-कोथिंबीर घालून. आणि वर्षाताईंना सुट्टी देऊन नको येऊस, त्यांना बरोबर घेऊन ये. तिघी बसू. चहा तू कर, आणि कप मांडणीवरचा हाताला येईल तो घे.